पार्किन्सनची गोळी उरलेल्या पेशी जाळते का? आण्णांचा डोस निम्मा करण्याआधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तो असा की तासगावजवळ राहणारे तुमचे वडील, वय ६६, दोन वर्षांपासून पार्किन्सन आहे, लेव्होडोपा-कार्बिडोपाची ११० ची गोळी दिवसातनं तीन वेळा चालू होती, आणि कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला की ही गोळी मेंदूत जाऊन डोपामीन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवते, ते डोपामीन सडतं, त्यातनं विषारी ऑक्सिजन तयार होतो आणि उरल्यासुरल्या पेशीही मरतात. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही गोळी निम्मी केलीत, सोबत अँटीऑक्सिडंटची कॅप्सूल आणि हळदीचं दूध सुरू केलंत, आणि आता आण्णांना सदऱ्याची बटणं लागेनात, घास तोंडापर्यंत न्यायला वेळ लागतोय. शिवाय मळमळ होते म्हणून मेडिकलमधनं आणलेली पित्ताची कॅप्सूल रोज सकाळी घेतात.

मी मिरजेत वीसेक वर्षं मेंदूविकाराची प्रॅक्टिस करतोय आणि हा प्रश्न मला महिन्यातनं चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो, तुम्ही काळजीपोटी केलंत, चूक शोधायला मी बसलेलो नाही. पण गोळीचा डोस उद्याच तुमच्या डॉक्टरांशी बोलून परत पूर्वीसारखा करून घ्या, बाकीचं वाचन नंतर.

आता त्या व्हिडिओत जे सांगितलंय ते सगळंच खोटं आहे असं नाहीये, अडचण तिथेच आहे. अर्धं खरं आहे आणि ते अर्धं समजून घ्यायला मेंदूच्या आत काय चालतं ते बघायला लागेल.

मेंदूच्या देठात एक छोटी जागा आहे, सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे सरळ अर्थ काळा पदार्थ. मेडिकल कॉलेजात पहिल्यांदा मेंदूचा काप बघितला की ती काळी पट्टी नुसत्या डोळ्यांनी दिसते, कुणीतरी काजळाची रेघ ओढल्यासारखी. पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत तीच रेघ पुसट झालेली असते. तो काळा रंग न्यूरोमेलॅनिनचा, आणि न्यूरोमेलॅनिन तयार होतं ते डोपामीनच्याच ऑक्सिडेशनमधनं, म्हणजे ऑक्सिजनशी होणाऱ्या प्रक्रियेतनं. म्हणजे डोपामीन ऑक्सिडाइज होतं ही गोष्ट तुमच्या, माझ्या, प्रत्येकाच्या मेंदूत जन्मभर चालूच असते, गोळी न घेताही.

या जागेतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशींचं नशीबच जरा कठीण आहे बघा. एकेका पेशीच्या फांद्या इतक्या दूरवर आणि इतक्या ठिकाणी पसरलेल्या असतात की तिला सतत भरपूर ऊर्जा लागते, आणि ऊर्जा बनवायचं काम पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं, तिथे ऑक्सिजन वापरताना थोडा थोडा सुटा, खवळलेला ऑक्सिजन गळतच असतो. त्यात डोपामीनचा निकाल लावणारं एक एन्झाइम आहे, एमएओ, ते डोपामीन तोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, तेच जे जखमेवर टाकलं की फेसाळतं. आणि या भागात लोहही जास्त साठलेलं असतं. पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आलं की त्यातनं हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो, जो समोर येईल त्याला चावतो, चरबीला, प्रोटीनला, डीएनएला. हे सगळं विझवायला पेशीकडे ग्लुटाथायोन असतं, आणि पार्किन्सनमधे नेमकं तेच या भागात कमी झालेलं सापडतं. १९८९ मधे हेही दिसलं की मायटोकाँड्रियातला कॉम्प्लेक्स वन नावाचा पहिला टप्पा पार्किन्सनच्या पेशंटच्या याच भागात मंदावलेला असतो. म्हणजे चुलीला लाकूड जास्त, धुराडं अर्धं बंद आणि पाण्याची बादली रिकामी, अशी परिस्थिती.

कॉम्प्लेक्स वनचा पुरावा तर फार विचित्र पद्धतीने मिळाला होता. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेखोर मुलं अचानक पुतळ्यासारखी ताठ होऊन दवाखान्यात आली, हुबेहूब म्हाताऱ्या पार्किन्सन पेशंटसारखी. त्यांनी घेतलेल्या बनावट ड्रगमधे एमपीटीपी नावाची भेसळ होती. मेंदूत गेल्यावर एमएओ-बी एन्झाइम (वरच्या एमएओचाच एक प्रकार) तिचं रूपांतर अशा विषात करतं जे डोपामीनच्या पेशीत शिरून कॉम्प्लेक्स वन बंद पाडतं. त्या मुलांना बरं वाटलं ते लेव्होडोपानेच.

आता गोळीकडे येऊ. डोपामीन थेट दिलं तर मेंदूत जात नाही, रक्त आणि मेंदूच्या मधे पहारा असतो. लेव्होडोपा ही डोपामीनच्या एक पायरी आधीची वस्तू, ती अमिनो आम्ल (प्रोटीन ज्याचं बनतं ते) असल्यामुळे इतर अमिनो आम्लांच्या दारातनं आत जाते. आत गेल्यावर एक एन्झाइम तिचं डोपामीन करतं. स्वीडनचे संशोधक आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास डोपामीनचं महत्त्व दाखवलं, त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं. १९६० साली व्हिएन्नात होर्निकीविच यांनी पार्किन्सनच्या मेंदूत डोपामीन कमी असल्याचं मोजून दाखवलं आणि पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांच्यासोबत पेशंटना लेव्होडोपा दिलं. १९६७ ला कॉट्झियास यांनी तोंडावाटे थोडं थोडं वाढवत मोठ्या डोसपर्यंत नेलं तेव्हा कुठे हा औषधोपचार रोजच्या वापरातला झाला.

पण नुसतं लेव्होडोपा दिलं तर ते आतड्यात आणि रक्तातच डोपामीन होऊन जातं, मेंदूपर्यंत शंभरातला एखादाच भाग पोचतो आणि बाहेर झालेलं डोपामीन उलट्या आणतं. म्हणून सोबत कार्बिडोपा. ते बाहेरचं एन्झाइम अडवतं आणि स्वतः मेंदूत जात नाही. आणि इथे तुमच्या आण्णांच्या गोळीचा मुद्दा येतो, तो मला व्हिडिओपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १०. १२५ म्हणजे लेव्होडोपा १००च, पण कार्बिडोपा २५. बाहेरचं एन्झाइम नीट अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. आण्णांना तीन गोळ्यांतनं मिळत होतं ३०. मग मळमळणार नाही तर काय होणार? लोकांना वाटतं १२५ म्हणजे जास्त कडक गोळी, तसं नाहीये, लेव्होडोपा तेवढंच आहे, फक्त पोटाला सोसवणारं. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि मळमळीवर जी कॅप्सूल आणलीत तिचं पाकीट काढून मागचं बारीक अक्षर वाचा. पित्ताच्या बऱ्याच कॅप्सूलमधे राबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या सोबत लेव्होसल्पिराइड असतं. ते डोपामीनचे रिसेप्टर बंद करतं, मेंदूतलेसुद्धा. एका हाताने डोपामीन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचं दार लावायचं असा प्रकार. मी असे पेशंट बघितलेत ज्यांना पार्किन्सन नव्हताच, सहा महिने ही कॅप्सूल खाऊन हात थरथरायला आणि चाल मंदावायला लागली होती, कॅप्सूल बंद केल्यावर काही आठवड्यांत सुधारले. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, चक्करची सिनारिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, सगळी याच गटात. उलटीसाठी काही द्यायचंच झालं तर डोमपेरिडोन देतात कारण ते मेंदूत फारसं जात नाही, तरी हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी बघून. आण्णांची तब्येत या तीन आठवड्यांत जी घसरलीय त्यात निम्म्या डोसचा हात किती आणि या कॅप्सूलचा किती हे पाकीट बघितल्यावरच कळेल.

बरं, मूळ प्रश्न. गोळीने डोपामीन वाढलं म्हणजे पेरॉक्साइड वाढणार आणि पेशी मरणार, हिशोब तर बरोबर दिसतो. ही भीती डॉक्टरांनाही होती, उगाच नाही. काचेच्या बशीत डोपामीनच्या पेशी वाढवून वर लेव्होडोपा ओतलं तर त्या मरतात, हे प्रयोगात दिसलंय. त्यामुळे कितीतरी वर्षं अनेक डॉक्टर गोळी शक्य तितकी लांबवायचे, पेशंट अगदी अडल्याशिवाय द्यायचे नाहीत. मीसुद्धा सुरवातीच्या काळात असं शिकलो होतो आणि काही पेशंटची दोन-तीन चांगली वर्षं त्यात गेली, ते मला आजही बोचतं.

बशीत आणि डोक्यात फरक असा की बशीत लेव्होडोपाचं प्रमाण माणसाच्या मेंदूत पोचतं त्याच्या कितीतरी पट ठेवलेलं होतं आणि पेशी एकट्या होत्या. मेंदूत त्यांच्या आजूबाजूला ग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात ज्या ग्लुटाथायोनचा पुरवठा करतात. बशीत ग्लिया सोबत ठेवल्या तर नुकसान होत नाही हेही दिसलं. शिवाय ज्यांना पार्किन्सन नव्हताच, साधा कंप होता, पण वर्षानुवर्षं लेव्होडोपा दिलं गेलं, अशा माणसांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा ती काळी रेघ शाबूत होती.

माणसांवरचा मोठा प्रयोग २००४ मधे छापून आला, एलडोपा नावाचा. ३६१ नवे पेशंट, काहींना बनावट (औषध नसलेली) गोळी आणि बाकीच्यांना रोज १५०, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम लेव्होडोपा, ४० आठवडे, मग दोन आठवडे सगळ्यांचं औषध बंद करून तपासणी. गोळी पेशी मारत असती तर औषध बंद केल्यावर लेव्होडोपावाले जास्त खालावलेले दिसायला पाहिजे होते. उलट ते बनावट गोळीवाल्यांपेक्षा बरे होते. पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, मेंदूच्या स्कॅनमधे लेव्होडोपावाल्यांचा डोपामीन ट्रान्सपोर्टरचा (सुटलेलं डोपामीन पेशीत परत ओढणाऱ्या प्रोटीनचा) सिग्नल जास्त घटलेला दिसला, आणि व्हिडिओवाले नेमकं तेवढंच दाखवतात. तो सिग्नल पेशी मेल्यामुळेच घटतो असं नाही, औषधामुळे ट्रान्सपोर्टरची संख्याही कमी-जास्त होऊ शकते. दोन, ६०० मिलिग्रॅमवाल्यांमधे साधारण सहातल्या एकाला अंग आपोआप वळवळण्याचा त्रास, डिस्कायनेशिया, झाला. म्हणजे उगाच मोठा डोस नको, हे खरं.

मग २०१९ मधे नेदरलँड्सचा अभ्यास आला, ४४५ पेशंट. निम्म्यांना पहिल्या दिवसापासून लेव्होडोपा १०० दिवसातनं तीन वेळा, निम्म्यांना ४० आठवडे थांबवून मग तेवढंच. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. आधी सुरू केल्याने आजार थांबला नाही आणि आधी सुरू केल्याने आजार बळावलाही नाही. थांबलेल्यांचे ते ४० आठवडे तेवढे त्रासात गेले. घाना आणि इटलीच्या पेशंटची तुलना २०१४ मधे झाली ती तर मी प्रत्येक घरच्यांना सांगतो. घानात औषध उशिरा मिळायचं, इटलीत लवकर, तरी ऑन-ऑफचा त्रास (गोळीचा असर मधेच येणं-जाणं) आणि वळवळ आजाराला किती वर्षं झाली आणि डोस किती यावर ठरली, गोळी किती वर्षं खाल्ली यावर नाही. गोळी वाचवून ठेवली म्हणजे पुढे जास्त उपयोगी पडेल हा हिशोब इथे चालत नाही ताई, ती काही बँकेतली ठेव नाही.

ऑन-ऑफ का होतं ते पण सांगतो कारण लोक त्यालाच गोळीचं नुकसान समजतात. सुरवातीला उरलेल्या पेशी लेव्होडोपाचं डोपामीन करून छोट्या पिशव्यांत साठवतात आणि हळूहळू सोडतात, त्यामुळे दिवसभर अंग हलकं. पिशवीत बंद असलेलं डोपामीन ऑक्सिडाइजही कमी होतं. पेशी कमी झाल्या की साठवण कमी होते. मग लेव्होडोपा रक्तात दीड-दोन तास टिकतं तेवढाच असर, आणि सिरोटोनिन हे दुसरं रसायन बनवणाऱ्या पेशी डोपामीन बनवायला लागतात पण त्यांना ते मोजून सोडता येत नाही. म्हणून पूर येतो आणि आटतो. औषध तेच, टाकी लहान झालेली.

आता अँटीऑक्सिडंट. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे त्या खवळलेल्या ऑक्सिजनचा मारा, जर एवढा आहे तर तो विझवणारं काहीतरी दिलं की काम होईल, हा विचार मोठमोठ्या संशोधकांनी केला आणि पैसा ओतून तपासलाही. अमेरिका आणि कॅनडात ८०० पेशंटच्या अभ्यासात काहींना व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट देऊन बघितलं, १९९३ ला निकाल आला, काही फायदा नाही. कोएन्झाइम क्यू १० रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम, ६०० पेशंट, २०१४, फायदा नाही. युरिक अ‍ॅसिड हे शरीरातलं नैसर्गिक अँटीऑक्सिडंट, ते वाढवणारं इनोसिन दिलं, २०२१, फायदा नाही. मला स्वतःला व्हिटॅमिन ईचा निकाल वाचून वाईट वाटलं होतं कारण कागदावर सगळं जुळत होतं. माझा अंदाज असा की आग पेशीच्या आत, मायटोकाँड्रियाच्या पडद्याशी आहे आणि आपण पाणी अंगणात शिंपडतोय, शिवाय लक्षणं दिसेपर्यंत त्या भागातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात.

एमएओ-बी अडवणाऱ्या गोळ्या, सेलेजिलीन आणि रासाजिलीन, या डोपामीन तुटण्यापासनं वाचवतात आणि पेरॉक्साइडही कमी करतात, त्यामुळे त्यांच्याकडनं फार आशा होती. रासाजिलीनच्या २००९ च्या अभ्यासात १ मिलिग्रॅमने आजार मंदावल्यासारखा दिसला पण २ मिलिग्रॅमने नाही, त्यामुळे तो दावा कुणी मान्य केला नाही. लक्षणांवर उपयोग होतो, तेवढ्यासाठी आम्ही वापरतो. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामीनची नक्कल करणाऱ्या गोळ्या, त्यातनं पेरॉक्साइड होत नाही हे खरं, पण काही जणांना त्यांनी जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो, झोपेचे झटके येतात. मोबाईलवर रमी खेळून घर गहाण टाकलेले एक गृहस्थ मी बघितलेत, घरच्यांना वाटलं म्हातारा बिघडला, गोळी बदलल्यावर तीन महिन्यांत नाद सुटला. म्हणून ऑक्सिडेशन होत नाही एवढ्यावर कुठली गोळी चांगली ठरत नाही.

हळदीचं तुम्ही विचारलंय, सांगलीचा माणूस हळदीबद्दल विचारणारच, इथल्या हळदीला २०१८ ला जीआय मानांकनही मिळालंय. कर्क्युमिन बशीत चांगलं काम करतं पण पोटातनं रक्तात फारच कमी जातं. भाजीत, आमटीत घाला, खुशाल. पण गोळीसोबत हळदीचं दूध नको, कारण हळद नाही, दूध. लेव्होडोपा ज्या दारातनं आतड्यात आणि मेंदूत जातं त्याच दारावर दुधाच्या, डाळीच्या, अंड्याच्या प्रोटीनची अमिनो आम्लं रांग लावतात. आण्णा ८ वाजता पोहे आणि कपभर दुधासोबत गोळी घेतात असं तुम्ही लिहिलंय. तीच गोळी ७ ला नुसत्या पाण्यासोबत द्या आणि नाष्टा पाऊण तासाने. प्रोटीन बंद करू नका, वजन उतरतं, फक्त उसळ, दही, अंडं यांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात घ्या. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर, लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं. आणि बद्धकोष्ठ सांभाळा, पोट हललं नाही की गोळी जठरातच पडून राहते.

खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण, कवचबीज, कुणी ना कुणी आणून देतंच. त्यात खरोखर लेव्होडोपा असतं, १९३७ मधे दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या संशोधकांनी ते त्यातनं वेगळं काढलं होतं. म्हणूनच ते गोळीवर वरनं देऊ नका. चमच्यात किती गेलं कळत नाही आणि डोस दुप्पट होऊन बसतो. द्यायचंच तर डॉक्टरांना सांगून.

लेव्होडोपाच्या केमिस्ट्रीत एक नुकसान मात्र खरं आहे आणि त्याच्यावर कुणी व्हिडिओ काढत नाही. लेव्होडोपाचा एक भाग सीओएमटी नावाच्या एन्झाइमने मोडला जातो आणि त्यात शरीराचा मिथाइल साठा खर्च होतो, होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल रक्तात वाढतं. होमोसिस्टीन स्वतःच नसांना आणि रक्तवाहिन्यांना त्रास देतं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही वाढवतं. ते खाली आणायला बी १२ आणि फोलेट लागतं, आणि आपल्याकडे शाकाहारी माळकरी घरात बी १२ आधीच तळाला असतं. आण्णांच्या पायात मुंग्या येतात का? बी १२ ची तपासणी करून घ्या, कमी असेल तर भरून काढता येतं. अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूलवर जे पैसे जातायत ते इथे घाला.

दुसरं, बागेतली फवारणी. तुमची द्राक्षबाग आहे म्हणालात. पॅराक्वाट नावाचं तणनाशक पेशीत जाऊन पुन्हा पुन्हा ऑक्सिडेशनचं चक्र फिरवत राहतं आणि त्याचा पार्किन्सनशी संबंध अभ्यासांत दिसलाय. आण्णांनी आता फवारणीला जायचं नाही, आणि भावाने जायचं तर हातमोजे, मास्क, कपडे वेगळे धुणं, हे नको म्हणून चालणार नाही.

आणि गोळी कधीही एकदम बंद करू नका. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेला महापूर आला तेव्हाचं सांगतो. सांगलीतले एक आजोबा, घरात पाणी शिरलं, रात्रीच बोटीतनं बाहेर काढलं, गोळ्यांचा डबा फडताळातच राहिला. नातेवाईकांकडे तीन दिवस गोळीविना. चौथ्या दिवशी आणले तेव्हा अंग लाकडासारखं, ताप १०३ च्या वर, घामाने चिंब, बोलणं असंबद्ध, लघवी लालसर तपकिरी. सगळ्यांना वाटलं पुराच्या पाण्याचा ताप. स्नायू इतके ताठरले होते की ते फुटून त्यांचं प्रोटीन किडनीत अडकत होतं. नळीतनं लेव्होडोपा सुरू केलं, सलाईन, अंग पुसणं, पाचव्या दिवशी ओळख पटली आणि त्यांनी सुनेला पहिली गोष्ट विचारली की गाय कुठे बांधलीय. डोपामीन एकदम काढून घेतलं की शरीराचं तापमान आणि स्नायू दोन्ही हाताबाहेर जातात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पेशंटला सांगतो, आठ दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधारकार्डाजवळ ठेवायच्या. तुम्हीही ठेवा.

रोज अर्धा तास चांगला दम लागेपर्यंत चालायला लावा, सकाळची गोळी लागू पडल्यावर. व्यायामाने चाल आणि तोल सुधारतो, यात मला शंका नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या. पित्ताच्या कॅप्सूलचं पाकीट, बी १२ चा रिपोर्ट आणि एक साधी वही. वहीत आठ दिवस एवढंच लिहा, गोळी किती वाजता घेतली, खाणं किती वाजता, अंग कधी मोकळं झालं, कधी परत जड झालं, आणि सदऱ्याची सगळी बटणं लावायला आण्णांना किती मिनिटं लागली.